नवं सील, तीच गळती: पंपाचं सील पुन्हा पुन्हा जात असेल तर

एका जहाजावरच्या समुद्री पाण्याच्या कूलिंग पंपावर आम्ही दोन महिन्यांच्या आत तीन मेकॅनिकल सील बसवली. पहिलं २३ दिवस टिकलं, दुसरं १९, आणि तिसरं अकराव्याच दिवशी ठिबकायला लागलं. पहिल्या वेळी सगळ्यांचं एकमत झालं की माल डुप्लिकेट असणार. दुसऱ्या वेळी बेअरिंगवर आळ आला, म्हणून बेअरिंग बदललं. तिसऱ्या वेळी मोटर आणि पंपाचं अलाइनमेंट नव्याने केलं. गळती काही ऐकेना. मग कधीतरी एकाने विचारलं, काढलेली सील कुठे आहेत? दोन भंगाराच्या ड्रममध्ये गेली होती. तिसरं मात्र वर्कशॉपच्या ट्रेमध्ये चिंधीत गुंडाळलेलं सापडलं, आणि तिथून पुढे अर्ध्या दिवसात कारण हाती लागलं.

ते कारण काय निघालं ते सांगतोच. पण सील एकदा गेलं तर ते सीलचं दुखणं असू शकतं, तीनदा गेलं तर दुखणं बहुतेक दुसरीकडेच असतं. म्हणून आधी शोध कसा घ्यायचा ते बघू.

सील करतं तरी काय

फिरणारा शाफ्ट स्थिर केसिंगमधून बाहेर येतो, तिथे फट ठेवावीच लागते. ती फट सांभाळायचं काम सीलचं. मेकॅनिकल सीलमध्ये दोन गुळगुळीत कड्या एकमेकींना टेकलेल्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी ग्लँड प्लेटमध्ये, म्हणजे केसिंगला बोल्टने बसवलेल्या झाकणात, स्थिर बसते. बहुधा एक कार्बनची असते आणि दुसरी सिरॅमिक, सिलिकॉन कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइडची. स्प्रिंग आणि पंपातला दाब त्यांना जवळ ठेवतात. या दोन फेसच्या, म्हणजे कड्यांच्या टेकलेल्या पृष्ठभागांच्या, मधे पंपातल्याच द्रवाचा एक पातळ थर असतो, जाडी साधारण एक मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस याच्या पन्नासपट तरी जाड असेल. हा थर दोन्ही फेसना वंगण देतो आणि त्यांची उष्णता वाहून नेतो. चांगलं सीलसुद्धा किंचित गळतं, पण ते पाणी बाहेर येईपर्यंत वाफ होऊन जातं, म्हणून दिसत नाही.

थर तुटला की फेसवर फेस घासतो, आणि पुढचं सगळं झपाट्याने होतं. थर अवाजवी जाड झाला, म्हणजे फेस उघडले, तर पाणी ठिबकतं. सीलच्या बहुतेक सगळ्या तक्रारी या दोनांपैकी एकात येतात. प्रश्न एवढाच की थर का तुटला, किंवा फेस का उघडले.

आधी वाट शोधा

सीलजवळ पाणी दिसलं म्हणजे ते फेसमधूनच आलं असं नाही. फिरत्या भागाची ओ-रिंग (रबराची गोल कडी), स्थिर कडीची ओ-रिंग, ग्लँड प्लेटचं गॅस्केट, या तिन्ही वाटा आहेतच. चौथी वाट सगळ्यात जास्त फसवते. शाफ्टवर स्लीव्ह, म्हणजे झीज स्वतःवर घेणारी नळी, असेल तर पाणी स्लीव्ह आणि शाफ्ट यांच्या मधून, स्लीव्हच्या आतून सरकत बाहेर येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सीलच गेलं. स्लीव्हची छोटी ओ-रिंग बदलली नाही तर वर दहा नवी सील बसवा, काही फरक पडणार नाही. एका फिटरने मला यावर साधा उपाय दाखवला होता. पंप बंद करायचा, मोटरचा पुरवठा तोडून त्यावर टाळं लावायचं, सक्शनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, सगळी जागा कोरडी पुसायची आणि खडूची पूड फवारायची. पाणी जिथून निघतं तिथे पुढच्या काही मिनिटांत पुडीवर ओल्या रेघा उमटतात. शाफ्ट फिरत असताना तिथे बोट किंवा चिंधी नेऊ नये, हे सांगायला नको, पण दरवर्षी कोणीतरी नेतंच.

गळतं कधी?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि मला तो सगळ्यात कामाचा वाटतो. पंप चालू असो वा बंद, सारखंच ठिबकत असेल तर एखादी ओ-रिंग कापली गेलेली असते, किंवा फेसचा टवका उडालेला असतो. बहुतेक वेळा हे बसवतानाच झालेलं असतं. चालू असताना गळतं आणि थांबलं की बंद होतं, असं असेल तर शाफ्टचं डोलणं, कंपन, वाकडी बसलेली स्थिर कडी यांच्याकडे बघा. पंप बरेच दिवस बंद होता आणि सुरू करताच गळू लागला, तर फेसजवळ मीठ किंवा गाळ जमून फिरता भाग शाफ्टवर अडकला असण्याची शक्यता मोठी. स्प्रिंग ढकलते, पण ओ-रिंग सरकतच नाही. समुद्री पाण्याच्या राखीव पंपावर हे नेहमीचं आहे, म्हणून तो पंप आळीपाळीने चालवत राहावा.

आवाजही ऐका. किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे फेस कोरडे पडलेत. तडतड, फटफट असा आवाज आणि सोबत वाफेचे फवारे म्हणजे फेसमध्ये द्रव उकळतोय. गरम पाण्याच्या पंपावर हे हमखास दिसतं. ग्लँडच्या बाहेर काळी पूड साचत असेल तर तो कार्बन आहे, आणि तो झिजतोय कारण वंगण पुरत नाही.

काढलेलं सील वाचायचं कसं

पहिली गोष्ट, ते पुसून चकाचक करू नका. जसं निघालं तसं फोटो काढा, मगच धुवा.

मग कार्बनचं नाक बघा, म्हणजे फेसचा पुढे आलेला अरुंद भाग. नवं असताना आणि आता, उंचीत किती फरक आहे? झिजून सपाट झालं असेल तर सीलने आपलं आयुष्य जगलं, तक्रारीला जागा नाही. नाक जवळजवळ नव्यासारखं उंच असेल आणि तरी सील गळत असेल, तर ते झिजलेलं नाही, त्याला कोणीतरी मारलंय. पुन्हा पुन्हा जाणाऱ्या सीलमध्ये बहुधा हेच दिसतं.

दुसरी, कठीण फेसवरची घासल्याची पट्टी. तिची रुंदी कार्बनच्या नाकाएवढी आणि गोलभर सारखी असेल तर फेस नीट टेकत होते, गळती दुसऱ्या वाटेने आली. पट्टी नाकापेक्षा रुंद असेल तर शाफ्ट डोलतोय: बेअरिंग सैल, शाफ्ट वाकलेला, किंवा कपलिंगचं अलाइनमेंट बिघडलेलं. डायल गेज लावून शाफ्ट हाताने फिरवा. सीलच्या जागी ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त रनआउट, म्हणजे डोलणं, दिसला तर नवं सील बसवून पैसे वाया घालवू नका. पट्टी नाकापेक्षा अरुंद असेल तर फेस दाबाने किंवा उष्णतेने वाकला होता. आणि पट्टी पूर्ण गोल न दिसता समोरासमोर दोनच ठिकाणी गडद दिसली, तर ग्लँडचे बोल्ट कमीजास्त आवळलेत. फेसची सपाटी हीलियमच्या प्रकाशात दिसणाऱ्या पट्ट्यांनी मोजतात; हे फेस अशा दोन-तीन पट्ट्यांइतके सपाट घासलेले असतात, आणि प्रकाशाची एक पट्टी म्हणजे ०.२९ मायक्रॉन. पाना जरा जोरात फिरवला तरी कडी त्याहून जास्त वाकते.

तिसरी, उष्णतेच्या खुणा. कठीण फेसवर मधून बाहेर जाणाऱ्या केसासारख्या भेगा, कार्बनवर फोड किंवा टवके, धातूवर तपकिरी-निळी झाक, फेसजवळची ओ-रिंग प्लास्टिकसारखी कडक. हे सगळं एकत्र दिसलं तर सील कोरडं चाललंय, यावर वाद घालायचं कारण नाही.

आमच्या पंपाचं काय झालं

आमचं तिसरं सील असंच होतं. टंगस्टन कार्बाइडच्या फेसवर बारीक भेगा, ओ-रिंग नखाने दाबली तर तुकडा पडला, कार्बनचं नाक मात्र अजून बरंच शिल्लक. म्हणजे कोरडं चाललं होतं. पण हा पंप पाण्याच्या रेषेच्या खाली बसलेला, सक्शनला कायम दाब, तो कोरडा कसा पडेल?

लॉगबुक मागे उलगडत नेलं तेव्हा दोन नोंदी दिसल्या. तिन्ही वेळा गळती सुरू होण्याआधी एक-दोन दिवसांत सक्शनची चाळणी साफ केलेली होती. आणि पहिलं सील जाण्याच्या महिनाभर आधी एक ओळ: सील चेंबरची लाइन सडली, प्लग मारला.

पंप उभा होता. उभ्या पंपात सील सगळ्यात वर असतं, त्यामुळे आत हवा शिरली की ती सील चेंबरच्या, म्हणजे सील बसलेल्या पोकळीच्या, माथ्यावर, नेमकी फेसपाशी जाऊन बसते. ती निघून जावी म्हणून चेंबरमधून सक्शनकडे एक बारीक पाइप दिलेला असतो. चेंबरमधला दाब सक्शनपेक्षा जास्त, म्हणून पाणी सतत त्या पाइपातून वाहतं आणि हवाही सोबत नेतं. सीलच्या फ्लश मांडणीच्या, म्हणजे सीलपाशी द्रव खेळता ठेवण्याच्या पद्धतींच्या, क्रमांकांत याला प्लॅन १३ म्हणतात. तो पाइप गंजून भोक पडल्यावर कोणीतरी घाईत प्लग मारला. तात्पुरता, अर्थात. चाळणी उघडली की हवा आत शिरायची आणि माथ्यावर अडकून राहायची. वर प्रत्येक नवं सील बसवताना पंप रिकामा होत होताच, म्हणजे बिचारं सील पहिल्या मिनिटापासून हवेतच फिरत होतं. आमच्या उत्साही दुरुस्तीनेच पुढच्या बिघाडाची सोय होत होती.

नवा पाइप टाकला, भोक साफ केलं, चाळणी उघडल्यावर पंप सुरू करण्याआधी चेंबरची हवा सोडायची अशी पाटी लावली. पाइप मिळेपर्यंतचे चार दिवस दर स्टार्टला तो प्लग सैल करून पाणी अखंड येईपर्यंत हवा काढली. चौथं सील मी जहाज सोडेपर्यंत, सात महिने, कोरडं खडखडीत होतं, म्हणजे बाहेरून.

आडव्या पंपात हेच दुसऱ्या रूपात दिसतं. तिथे बहुधा डिस्चार्जकडून एका ओरिफिसमधून, म्हणजे बारीक भोकातून, सीलवर पाणी येतं, तो प्लॅन ११. ओरिफिस गंजाने किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याने बुजतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पंप सुरू असताना त्या पाइपला सावधपणे हात लावून बघा. पाइप पंपाच्या केसिंगपेक्षा वेगळ्या तापमानाला असेल तर प्रवाह बंद आहे असं समजून उघडा.

सीलवर आळ येतो, दोष दुसऱ्याचा असतो

डिस्चार्जचा व्हॉल्व्ह चेपून पंप कमी प्रवाहावर चालवण्याची सवय सील खाते. व्होल्यूट, म्हणजे शंखासारख्या केसिंगमध्ये प्रवाह आपल्या ठरलेल्या बिंदूपासून दूर गेला की इम्पेलरवर, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकावर, एका बाजूने दाब येतो आणि शाफ्ट वाकतो. तो थांबलेला असताना डायल गेज काहीच सांगणार नाही, कारण वाकणं फक्त चालताना आहे. सक्शन चोंदलं तर कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं, त्यातून कंपन, त्यातून फेस उघडणं.

पाइपचा ताण तपासणं सोपं आहे आणि तरी राहून जातं. कपलिंगवर डायल लावा आणि सक्शन-डिस्चार्जच्या फ्लँजचे बोल्ट एकेक करून सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपाला ओढतोय. असा पंप कितीही वेळा अलाइन करा, गरम झाला की परत वाकडा.

ओ-रिंगचं रबर चुकणं हा वेगळाच वैताग, कारण काळ्या ओ-रिंग सगळ्या सारख्याच दिसतात. ईपीडीएम गरम पाण्याला उत्तम, पण खनिज तेल लागलं की फुगतं. बसवताना सोपं जावं म्हणून ग्रीस लावणाऱ्या हाताने कितीतरी ईपीडीएम सील पहिल्याच दिवशी मारलीत. तिथे साबणाचं पाणी लावा. एफकेएम तेलाला आणि उष्णतेला सोसतं, वाफेत मात्र लवकर हार मानतं. नायट्राइल साध्या तेल-पाण्याला ठीक, १०० अंश सेल्सियसच्या वर नको.

बसवतानाची आणखी एक चूक: सील बसवून झाल्यावर इम्पेलरचं क्लिअरन्स जमवणं. शाफ्ट मागेपुढे सरकला की स्प्रिंगचा दाब बदलतो. एक तर फेस चेपले जातात, नाही तर सैल राहतात. क्लिअरन्स आधी, सील नंतर. कार्ट्रिज सीलमध्ये, म्हणजे सगळे भाग आधीच जोडून येणाऱ्या सीलमध्ये, हीच अडचण सेटिंग क्लिपमुळे टळते, फक्त कॉलरचे स्क्रू आवळल्यावर त्या क्लिप काढायच्या असतात. न काढता पंप सुरू केल्याचं मी एकदा पाहिलंय. आवाज अजून आठवतो.

डोरीवाला पंप

ग्लँड पॅकिंगच्या, म्हणजे डोरीच्या पंपावर नियम उलटा आहे. तिथे थेंब पडायलाच हवेत, कारण ते पाणीच डोरी गार ठेवतं. मिनिटाला ४० ते ६० थेंब हे साधारण प्रमाण. ६० थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या आसपास, तेवढं गटारात जाऊ द्या. नवा माणूस गळती बघून नट आवळतो, डोरी जळते, कडक होते, स्लीव्हवर खाच पाडते, मग पाणी धारेने येतं आणि तो आणखी आवळतो. खाच पडलेल्या स्लीव्हवर कोणतीही डोरी टिकत नाही, स्लीव्ह बदला. जुन्या कड्या तळापर्यंत काढा, वरच्या दोन काढून नव्या दोन घालणं ही दुरुस्ती नव्हे. कड्यांचे सांधे ९० अंशांनी फिरवून ठेवा. लँटर्न रिंग, म्हणजे डोरीच्या मधोमध पाणी पोचवणारी भोकांची कडी, फ्लशच्या भोकासमोर येते का ते मोजून बघा, किंचित ग्लँडच्या बाजूला ठेवा, कारण आवळल्यावर ती आत सरकते. सक्शन खालून ओढणाऱ्या पंपात ही रिंग चुकली तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि पंप हवा धरतो. लोक मग सक्शन पाइपच्या तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये दोष शोधत बसतात. नट एका वेळी एक पैलू, दोन्ही बाजू सारख्या, आणि मधे दहा मिनिटं थांबून.

ऑइल सील आणि शाफ्टवरची रेघ

गिअरबॉक्सचं ऑइल सील बदलूनही गळत असेल तर शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर जुन्या सीलच्या लिपने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेने, तिथे खाच केली आहे आणि नवी लिप त्याच खाचेत बसते. सील दोन-तीन मिलिमीटर सरकवून बसवा, किंवा पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवा. शाफ्ट लेथवर घासून गुळगुळीत करणं हा उपाय उलटतो. टूलच्या मळसूत्रासारख्या बारीक रेघा राहतात आणि फिरताना तेल बाहेर पंप करतात.

स्टर्न ट्यूब

प्रोपेलर शाफ्ट ज्या नळीतून जहाजाबाहेर जातो ती स्टर्न ट्यूब; तिथलं सील समुद्रात असताना उघडता येत नाही, म्हणून इथे निदान टाकीच्या पातळीवरूनच करावं लागतं. तेलाच्या स्टर्न ट्यूबला पुढे आणि मागे रबरी लिप सील असतात, ती शाफ्टवर चढवलेल्या क्रोम स्टीलच्या लायनरवर, म्हणजे नळीवर, घासतात. वरच्या हेडर टँकमुळे तेलाचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त राखलेला असतो. पातळी उतरत असेल आणि इंजिन रूममध्ये पुढचं सील कोरडं असेल, तर तेल समुद्रात जातंय. पातळी चढत असेल तर पाणी आत येतंय.

पातळी उतरते म्हणून तेल भरत राहण्याआधी ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते, बघा. खोलीच्या दर मीटरला ०.१ बार दाब बदलतो. जहाज रिकामं झालं, मागचा भाग तीन-चार मीटर वर आला, आणि टाकी मात्र भरलेल्या जहाजासाठीच्या उंचीवर, तर लिपवर नको तेवढा फरक पडतो. म्हणूनच बऱ्याच जहाजांवर वरची आणि खालची अशा दोन टाक्या असतात, आणि बंदरात माल उतरल्यावर व्हॉल्व्ह बदलायचं विसरलं जातं. आधी तो व्हॉल्व्ह.

तो बरोबर असूनही तेल जात असेल तर पहिला संशय मासेमारीच्या दोऱ्यावर. नायलॉनचा दोरा शाफ्टला गुंडाळत लिपखाली शिरतो आणि रबर कापतो. लिप बदलल्या, दोरा अडवणारा रोप गार्ड किंवा तो कापणारा नेट कटर तसाच मोडका ठेवला, तर पुढच्या फेरीत तेच. दुसरा संशय लायनरवरच्या खाचेवर. डॉकमध्ये स्पेसर रिंग घालून लिप कोऱ्या जागी आणता येतात, आणि शाफ्ट न ओढता लिप कापून जागेवरच जोडता येतात. तिसरा मागच्या बेअरिंगच्या झिजेवर, शाफ्ट किती खाली बसलाय ते मोजणाऱ्या पोकर गेजचं माप मागच्या डॉकिंगच्या नोंदीशी ताडून बघा. चौथा नवीन आहे. अमेरिकेच्या २०१३ च्या व्हेसल जनरल परमिटनंतर, म्हणजे जहाजातून पाण्यात काय जाऊ द्यायचं याच्या नियमांनंतर, अनेक जहाजांनी पर्यावरणाला सोसणारी तेलं घेतली. त्यातल्या काही तेलांत पाणी मिसळलं की ती विघटित होऊन आम्ल बनतात, आणि जुन्या रबराला प्रत्येक तेल चालतंच असं नाही. तेल बदलल्यावर सील वारंवार जाऊ लागलं असेल तर सील बनवणाऱ्याची मान्यताप्राप्त तेलांची यादी काढा.

डॉक मिळेपर्यंत टाकीची पातळी सुरक्षित तेवढी खाली आणून दाबाचा फरक कमी ठेवता येतो. पण पाणी आत येत असेल तेव्हा हे करू नका, आणि दोन्ही वेळी दररोज तळाच्या कॉकमधून तेलाचा नमुना काढून बाटलीत उभा ठेवा. सकाळी तळाशी पाण्याची रेघ कुठवर आली ते बाटलीवर पेनने खूण करून ठेवलं की डॉकवाल्यांशी बोलणं सोपं जातं.